उद्योगचरित्रांतून हरवलेला व्यवस्थापक

कोणत्याही मराठी ग्रंथालयात उद्योग-व्यवसायाचे कपाट उघडले, की साधारणतः दोन प्रकारची पुस्तके हाती येतात. पहिला प्रकार इंग्रजीतून भाषांतरित झालेल्या व्यवस्थापनविषयक पुस्तकांचा. त्यांत नेतृत्वाची सूत्रे असतात, यशाच्या पायऱ्या असतात आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सारांशाची चौकट असते. दुसरा प्रकार आपल्या उद्योगपतींच्या चरित्रांचा. त्यांत गरिबी असते, अपमान असतो, जिद्द असते आणि अखेरीस वैभव असते. दोन्ही प्रकारांना वाचक आहे, आणि तो असावा यात वावगे काही नाही. तथापि दोन्ही कप्पे वाचून संपविले तरी एक माणूस मात्र कोठेच भेटत नाही. दुसऱ्याच्या भांडवलावर, दुसऱ्यांच्या हातांनी काम करवून घेणारा, अधिकार अपुरा असताना जबाबदारी मात्र पूर्ण वाहणारा असा तो व्यवस्थापक होय. मराठी गद्यातील या अनुपस्थितीचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम सूत्रांच्या पुस्तकांविषयी. सूत्र हे वाईट नसते. परंतु सूत्र ज्या प्रसंगातून निघाले तो प्रसंग गाळला, की त्याचे सुभाषित होते. 'अधिकार विभागून द्यावेत' हे वाक्य कोणास अमान्य होईल? प्रश्न उभा राहतो तो विभागून दिलेला अधिकार हाताखालचा माणूस आपल्या मताविरुद्ध वापरू लागतो तेव्हा. या प्रश्नाचे उत्तर सूत्रात सापडत नाही. ते सापडले तर घडलेल्या गोष्टीच्या तपशिलात सापडते.

असा तपशील ग्रंथात कसा यावा, याचा एक नमुना अमेरिकेत आहे. जनरल मोटर्स या कंपनीचे दीर्घकाळ प्रमुख असलेले आल्फ्रेड स्लोन यांचे 'माय इयर्स विथ जनरल मोटर्स' हे पुस्तक १९६४ मध्ये बाहेर आले. हस्तलिखित तयार होऊनही ते काही वर्षे पडून राहिले होते. कारण त्यातील कागदपत्रांचा आधार घेऊन सरकार मक्तेदारीविरोधी खटला भरील, अशी धास्ती कंपनीच्या वकिलांना वाटत होती. ज्या पुस्तकाची वकिलांना भीती वाटते त्यात काही सत्य असावे, असे समजण्यास हरकत नाही!

या ग्रंथात एका फसलेल्या इंजिनाला स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. चार्ल्स केटरिंग हे कंपनीचे नामांकित संशोधक. पाण्याऐवजी हवेने थंड होणारे, तांब्याच्या पात्यांचे इंजिन त्यांनी योजिले. त्यावेळचे अध्यक्ष पिअर ड्यूपॉन्ट यांचा त्यावर पूर्ण विश्वास होता. परंतु मोटारी प्रत्यक्ष तयार करणाऱ्या विभागांच्या प्रमुखांचा नव्हता. स्लोन या दोहोंच्या मध्ये उभे होते. संशोधकाची बाजू घ्यावी तर विभागप्रमुखांना दिलेली स्वायत्तता पोकळ ठरते. विभागप्रमुखांची घ्यावी तर संशोधकाचे मन मोडते आणि अध्यक्षांचा शब्दही खाली पडतो. अखेर ७५९ गाड्या बनल्या, त्यांतील सुमारे शंभर ग्राहकांच्या हाती गेल्या, आणि १९२३ मध्ये सर्व परत मागविण्यात आल्या. केटरिंग यांनी राजीनामा देऊ केला. त्याच वर्षी अध्यक्षपदी आलेल्या स्लोन यांनी तो बाजूला ठेवून, त्यांना आपल्या इंजिनाचा प्रयोग स्वतंत्रपणे चालविण्याची वाट सुचविली. ते इंजिन पुढे आले नाही. केटरिंग मात्र कंपनीत राहिले आणि त्यांच्या हातून पुढे मोठी कामे झाली.

या प्रकरणात विजय नाही, वीर नाही आणि खलनायकही नाही. दोन प्रामाणिक पक्ष आहेत आणि दोघांनाही न गमावता निर्णय करावयाचा आहे. व्यवस्थापकाची अडचण ती हीच. स्लोन यांची शैली रूक्ष आहे, कामगारांचा आवाज त्यांच्या ग्रंथात क्षीण आहे, हे दोष मान्य करावे लागतील. तरीही निर्णय घेणारा माणूस निर्णयापूर्वी काय जाणत होता आणि काय जाणत नव्हता, हे तेथे स्पष्ट दिसते.

आता आपल्या उद्योगचरित्रांकडे वळू. त्यांचा साचा बारकाईने पाहिला तर तो संतचरित्राचा आहे असे ध्यानात येते. आरंभी दैन्य, मग लोकांची निंदा, मग कसोटीचा प्रसंग, मग एखाद्या उदार पुरुषाची कृपा, आणि अखेरीस सर्वमान्यता. या साच्यात भक्ती चांगली मावते, परंतु हिशेब मावत नाही. संस्थापकाचे धैर्य त्यात दिसते. कारखाना उभा राहिल्यानंतरची पन्नास वर्षे मात्र 'उत्तरोत्तर भरभराट होत गेली' अशा एका वाक्यात आटोपतात. खरे व्यवस्थापन त्या एका वाक्याच्या पोटात दडलेले असते.

उदाहरणासाठी आपल्याला दूर जावयास नको. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेतील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावास आले. सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर ही वाटचाल आपल्या भागातील जुन्या घरांना तोंडपाठ आहे. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने शेतकरी नांगर घेईनात आणि दोन वर्षे माल पडून राहिला, ही कथाही सर्वश्रुत आहे. ती सांगितली जाते ती मात्र शेतकऱ्याच्या अज्ञानावर उद्योजकाच्या चिकाटीने मिळविलेल्या विजयाची कथा म्हणून. एखादा कार्यकारी अधिकारी ती वाचील तर त्याला निराळेच प्रश्न पडतील. विक्री नसताना कामगारांचा पगार कोठून दिला? नांगर पडून असताना दुसरे कोणते काम चालू ठेवले? उधारी किती वाढू दिली? शेतकऱ्याच्या आक्षेपात, समजूत वगळता, नांगराच्या घडणीविषयी ऐकण्याजोगे काही होते काय? चिकाटी आणि हट्ट यांतील भेद यश आल्यावर सांगता येतो. त्या दोन वर्षांत तो कसा ओळखावा, हा व्यवस्थापकाचा प्रश्न आहे.

पुढे नगरविस्तारासाठी बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले, आणि १९१० मध्ये निवडुंगाने भरलेल्या त्या ३२ एकरांवर किर्लोस्करवाडी वसली. या प्रसंगात आपली चरित्रपरंपरा राजाश्रयाचा गहिवर पाहते. तो आहेच, परंतु सारा कारखाना, माणसे आणि त्यांची कुटुंबे उचलून ओसाड माळावर न्यावयाची, हा जितका धैर्याचा तितकाच मनुष्यसंग्रहाचा प्रश्न होता. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर यांच्यासारखी माणसे लक्ष्मणरावांनी जोडली. शिक्षा भोगून आलेल्यांना रखवालीवर नेमले आणि वाडीत अस्पृश्यतेस थारा दिला नाही. पहिल्या महायुद्धात कोळसा आणि कच्चे लोखंड दुर्मिळ झाले, तेव्हा लाकडी कोळशावर आणि मोडीतल्या लोखंडावर भट्टी चालू ठेवली. यांतील प्रत्येक नेमणुकीस आणि प्रत्येक पर्यायास त्या काळी कोणी ना कोणी विरोध केला असेलच. विरोध करणाऱ्याचा युक्तिवाद आपल्या चरित्रांत क्वचितच नोंदविला जातो. त्यामुळे प्रत्येक निर्णय आधीपासूनच अटळ होता असा भास होतो, आणि नव्या पिढीतील ज्या अधिकाऱ्यास काहीच अटळ दिसत नाही त्याला वाटते, की दोष आपल्यातच आहे.

१९२० मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही मर्यादित कंपनी झाली. माझ्या मते ही घटना माळावरच्या पहिल्या भट्टीइतकीच महत्त्वाची आहे, तरी तिच्यावर रसभरित असे काही लिहिले गेलेले नाही. घरचा कारखाना भागधारकांचा होतो, म्हणजे मालक एका अर्थी कार्यकारी अधिकारी होतो आणि त्याला उत्तर देणे भाग पडते. शंतनुराव किर्लोस्कर १९२६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेतून अभियांत्रिकीचे पदवीधर झाले, आणि स्वशिक्षित पिता व परदेशी शिकलेला पुत्र एकाच आवारात काम करू लागले. १९४६ मध्ये पुण्यास ऑइल इंजिनांचा व बंगळुरास विजेच्या यंत्रांचा असे दोन नवे उद्योग निघाले. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत वाडीचा कारखाना जळाला आणि पुन्हा उभारावा लागला. शंतनुरावांनी १९८२ च्या आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला 'कॅक्टस अँड रोझेस' असे नाव दिले. निवडुंग त्यांनी नावातच ठेवला, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. आपल्या आठवणींत मात्र बहुधा गुलाबच उरले आहेत.

याच घराण्याच्या पुढील पिढ्यांत, २००९ मध्ये झालेल्या कौटुंबिक कराराच्या अर्थावरून मतभेद झाले व ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२१ मध्ये न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचविला. त्यातील न्याय-अन्याय ठरविणे हे आपले काम नव्हे. अशी प्रकरणे देशातील अनेक मोठ्या घराण्यांत घडली आहेत. उल्लेख एवढ्यासाठीच, की कारखाना सोपवून देणे हे तो काढण्याइतकेच अवघड काम असून त्याविषयी आपल्या वाङ्मयात जवळजवळ मौन आहे.

शासकीय सेवेत असताना पदभार सोपविण्याचे प्रपत्र आम्हांस भरावे लागे. रोकड, शिक्के, किल्ल्या आणि प्रलंबित प्रकरणे यांची यादी होऊन दोघांच्या सह्या झाल्या, की काम संपले. परंतु हेतुपुरस्सर थांबविलेले प्रकरण आणि विसरलेले प्रकरण यांतील भेद त्या यादीत कधीच दिसत नसे. कोणत्या लिपिकाच्या टिपणीवर डोळे मिटून सही करावी हेही दिसत नसे. यादीबाहेरचे हे ज्ञान तोंडी मिळाले तर मिळाले. खासगी उद्योगात तर यादीही नसते. वडील एक दिवस कारखान्यात येईनासे होतात आणि मुलगा खुर्चीवर बसतो, एवढाच पदभार.

यावर असा आक्षेप येईल, की सभेचे इतिवृत्त आणि पगाराचे तक्ते यांत वाङ्मय कसले? हा आक्षेप करणाऱ्यांनी रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आठवावे. १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या गादीच्या छायेत लिहिलेला हा ग्रंथ राज्यकारभाराचा आहे. सेवकांची निवड कशी करावी, सावकाराला का जपावे, गडावर कोणता साठा असावा, हे सारे त्यात आहे. आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेने लेकराप्रमाणे वाढविलेली झाडे तिच्या राजीखुशीने, मोल देऊनच घ्यावीत, असे तो बजावतो आणि आज्ञेमागचे कारणही सांगतो. आज्ञेबरोबर कारण देण्याची ही पद्धत म्हणजेच व्यवस्थापनाचे गद्य होय. तीनशे वर्षांपूर्वी मराठीला ते साध्य होते. पुढे कंपन्यांचा कागद इंग्रजीत गेला, आणि मराठीकडे उरले ते सत्कारसमारंभातील भाषण व गौरवग्रंथातील लेख. वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची आपली रीत चांगली आहे. पण मान राखणे आणि माहिती झाकणे या दोन गोष्टी आपण एकच करून टाकल्या.

घरातील माणसाने लिहिलेल्या चरित्राला जवळिकीचे बळ असते. लक्ष्मणरावांचे पुतणे आणि 'किर्लोस्कर' मासिकाचे संपादक शं. वा. किर्लोस्कर यांनी लिहिलेले 'यांत्रिकाची यात्रा' हे चरित्र त्या बळाचे उदाहरण आहे, आणि ते नसते तर आपण कितीतरी गोष्टींना मुकलो असतो. माझे म्हणणे इतकेच, की जवळिकीच्या चरित्राशेजारी अंतरावरून लिहिलेले दुसरे चरित्रही हवे, आणि ते लिहिण्यास कागद लागतात.

हा विषय आपल्या सीमाभागात केवळ वाङ्मयीन नाही. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे आणि यंत्रभागांचे कितीतरी लहान कारखाने आहेत. त्यांतील अनेकांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपुढे आज हाच प्रश्न उभा आहे: मुलगा किंवा मुलगी पुण्यास अथवा बंगळुरास स्थिरावली आहे, जुना फोरमन निवृत्तीला आला आहे, आणि कारखाना चालवावा, विकावा की पगारी व्यवस्थापकाच्या हाती द्यावा, याचा निर्णय होत नाही. त्या घरांना परदेशी सूत्रे पुरणार नाहीत आणि संतचरित्रेही पुरणार नाहीत. त्यांना हवी आहे शेजारच्या कारखान्याची खरी हकीकत: १९७५ मध्ये काय केले, ते का केले, कोण नको म्हणत होते आणि परिणाम काय झाला.

तशी हकीकत लिहिण्याचे साहित्य अद्याप आपल्या घरांतून आहे. बँकेशी झालेला पत्रव्यवहार, नाकारलेल्या मालाच्या नोंदी, भागीदारीचे मसुदे, संपाच्या दिवसांतील टिपणे हे सारे माळ्यावरच्या ट्रंकांत पडून आहे आणि दर दिवाळीच्या साफसफाईत थोडे थोडे रद्दीत जात आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते निदान तारीखवार लावून ठेवावेत, आणि ज्या वडीलधाऱ्यांना त्यांमागचा संदर्भ ठाऊक आहे त्यांच्याकडून प्रत्येक गठ्ठ्यावर दोन ओळी लिहून घ्याव्यात. चरित्र पुढे कोणीही लिहील. त्या दोन ओळी मात्र त्यांच्याशिवाय दुसरा कोणी लिहू शकणार नाही.