वार्षिक प्रगतीचे कोष्टक आणि त्याचे दोन टीकाकार

शाळाखात्याचा वार्षिक अहवाल सहसा कोणी टीकेचा विषय करीत नाही. त्यातील कोष्टके प्रशासनाला हवी असतात; उरलेला मजकूर कपाटात जातो. मॅथ्यू आर्नोल्डचे अहवाल याला अपवाद ठरले. कवी आणि समीक्षक म्हणून त्याची कीर्ती मोठी. परंतु १८५१ पासून १८८६ पर्यंत, म्हणजे ३५ वर्षे, तो इंग्लंडमधील प्राथमिक शाळांचा तपासनीस होता. १८५२ ते १८८२ या काळातील त्याचे सर्वसाधारण अहवाल सर फ्रान्सिस सँडफर्ड यांनी १८८९ साली एकत्र प्रसिद्ध केले. ते शैलीसाठी वाचण्याची प्रथा पडली आहे. ही प्रथा अपुरी होय. कोष्टक जे मोजते आणि वर्गात जे घडते त्यांतील वाढते अंतर, कोष्टक भरणाऱ्या अधिकाऱ्यानेच वर्षानुवर्षे लिहून ठेवावे, ही त्या अहवालांची खरी अपूर्वता आहे.

हे अंतर पडले ते १८६२ च्या सुधारित नियमावलीमुळे. तिचे जनक रॉबर्ट लो यांना पुढे फार बोल लावला गेला. तथापि त्यांची तक्रार निराधार नव्हती. न्यूकॅसलच्या ड्यूकच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८६१ साली असा निष्कर्ष काढला होता की, शाळेत येणाऱ्या मुलांपैकी जेमतेम चौथा हिस्सा नीट लिहावाचावयास व हिशेब करावयास शिकतो. शिक्षक वरच्या वर्गांतील हुशार मुलांकडे लक्ष पुरवीत आणि खालचे वर्ग वाऱ्यावर सोडीत. तेव्हा सरकारी पैसा प्रत्येक मुलाच्या शिकण्याशी बांधावा, ही कल्पना दिसावयास न्याय्यच होती. नियम असा झाला : सरासरी हजेरीमागे शाळेला ४ शिलिंग, शिवाय ६ वर्षांवरील ज्या मुलाच्या २०० हून अधिक हजेऱ्या भरल्या असतील त्याची तपासनिसाने वाचन, लेखन व गणित यांत परीक्षा घ्यावी, तीनही विषयांत मूल उतरल्यास ८ शिलिंग द्यावे, आणि नापास विषयागणिक २ शिलिंग ८ पेन्स कापावे. याकरिता ६ इयत्ता ठरल्या आणि एकदा ज्या इयत्तेची परीक्षा दिली तिला तेच मूल पुन्हा बसविता येईनासे झाले. वार्षिक प्रगती ही अशा रीतीने रोकडीत मोजण्याजोगी वस्तू बनली. तिजोरीचा लाभ तत्काळ दिसला. अनुदानाची रक्कम १८६१ साली सुमारे ८ लाख १३ हजार पौंड होती. ती १८६५ पर्यंत सुमारे ६ लाख ३६ हजारांवर आली.

आर्नोल्डने नियमावली अमलात येण्यापूर्वीच, १८६२ च्या मार्चमध्ये, ‘फ्रेझर्स मॅगझिन’मध्ये तिच्यावर सडकून टीका केली होती. ज्या खात्याची नोकरी त्याच खात्याच्या धोरणावर उघडपणे लिहिणे हे धाडसाचे होते. परंतु तो लेख भाकिताचा आहे. अहवाल साक्षीचे आहेत, आणि साक्षीचे मोल अधिक. १८६७ च्या अहवालात तो नोंदवितो की, अध्यापनातील बुद्धी, चैतन्य आणि कल्पकता ओसरली आहे. १८६९ पर्यंत कारणमीमांसा पुरती स्पष्ट होते : युक्तीने तयारी करून घेतल्यास मुलाला वाचता न येताही वाचनाच्या परीक्षेतून पार पाडता येते. वर्षभर वर्गात एकच वाचनपुस्तक फिरे. परीक्षा त्यातच व्हावयाची असल्याने ते पाठ झाले की काम भागे. येथे फसवणूक कोणी केली असे म्हणता येत नाही. शिक्षकाने नियमाने मागितले तेच दिले, मुलाने पाठ म्हटला, तपासनिसाने खूण केली. कोष्टकातील प्रत्येक खूण खरी होती आणि तरीही कोष्टक खोटे होते.

हा मजकूर वरिष्ठांना रुचणारा नव्हता. तपासनिसांचे प्रतिकूल अभिप्राय अहवालांतून गाळले जातात, असा आरोप होऊन १८६४ च्या एप्रिलमध्ये कॉमन्स सभेने निषेधाचा ठराव केला आणि लो यांना पद सोडावे लागले. पुढे चौकशीत ते निर्दोष ठरले व ठराव मागे घेण्यात आला, हे खरे. परंतु वादाचा विषयच बोलका आहे : आकड्यांची काटछाट झाली असे कोणी म्हणत नव्हते, भांडण झाले ते गद्याबद्दल.

आर्नोल्डच्या साक्षीलाही मर्यादा आहे आणि ती त्याच्या चाहत्यांनी क्वचितच सांगितली आहे. तपासनीस अनुदान मागणाऱ्या शाळेतच जातो. ज्या वस्तीत शाळाच नाही, तेथील मूल अहवालात नापासही होत नाही. इंग्लंडमध्ये ही पोकळी भरून काढण्यासाठी १८७० चा कायदा करावा लागला. आर्नोल्डची नजर तीक्ष्ण होती, पण ती वर्गाच्या आत खिळलेली होती. वाचनाचा आनंद नष्ट झाला हे दुःख त्याच्या गद्यात जितके तीव्रतेने उमटते, तितके शाळेच्या दारापर्यंत न पोचलेल्या मुलाचे उमटत नाही.

दाराबाहेरून टीका करणारा माणूस पुण्यात होता. निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत मुंबई इलाख्यातही आली होती, आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे तिचा विचार निघाला. आर्नोल्डच्या अहवालांचा संग्रह ज्या वर्षाशी थांबतो तेच हे वर्ष. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी आयोगाला सादर केलेले निवेदन सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून पुष्कळ अभ्यासले गेले आहे. शैक्षणिक मूल्यमापनाची समीक्षा म्हणून मात्र ते जवळजवळ दुर्लक्षितच राहिले. फुले म्हणतात की, अज्ञानी व गरीब लोकांत शिक्षणाचा प्रसार करण्यास निकालाची पद्धत मुळीच उपयोगी नाही. कारण त्या लोकांत शिक्षणाची गोडीच अजून उत्पन्न झालेली नाही, आणि अशा ठिकाणी पदरमोड करून शाळा काढण्यास कोणी शिक्षक धजणार नाही, त्याचे पोट भरणार नाही. इलाख्यातील सुमारे नऊ-दशांश खेडी आणि जवळजवळ १० लाख मुले शिक्षणाच्या सोयीवाचून आहेत, याकडे ते लक्ष वेधतात. शेतकऱ्यांकडून शिक्षणासाठी उपकर घेतला जात असता ही स्थिती होती. आर्नोल्डच्या दृष्टीने निकालपद्धती शिकविणे बिघडविते; फुल्यांच्या दृष्टीने ती शिकविणे सुरूच होऊ देत नाही. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे, कारण पहिल्याला परीक्षा सुधारून उत्तर देता येते, दुसऱ्याला येत नाही.

फुले यांना निकालाचे वावडे होते असे मात्र समजू नये. ज्या खेड्यातील शिक्षकाची पुष्कळ मुले उत्तीर्ण होतील त्याला पगाराशिवाय उत्तेजनार्थ खास भत्ता द्यावा, असे तेच सुचवितात. ‘पगाराशिवाय’ हा शब्द निर्णायक आहे. शिक्षकाला दरमहा १२ रुपयांहून कमी वेतन नसावे आणि मोठ्या गावी ते १५ ते २० रुपये असावे, ही त्यांची मागणी अगोदर येते, निकाल नंतर. अध्यापनाची उभारणी कशावर आणि बक्षीस कशाला, हा विवेक लो यांच्या नियमावलीत नव्हता. तपासणीविषयीचे फुल्यांचे मतही तितकेच नेमके आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या उपतपासनिसाचा फारसा लाभ नाही. निदान तिमाहीला तपासणी व्हावी आणि मधूनमधून आगाऊ सूचना न देता भेट द्यावी. वर्षाच्या ठरलेल्या दिवशी दिसणारी शाळा ही त्या दिवसापुरती शाळा असते, हे स्वतः शाळा चालविलेल्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही.

आयोगाने काय केले? प्राथमिक शाळांचे साहाय्य सामान्यतः परीक्षेच्या निकालावर पुष्कळ अंशी अवलंबून ठेवावे अशी शिफारस त्याने केली, आणि मागासलेल्या प्रदेशांतील वा विशेष परिस्थितीतील शाळांना अपवाद मानला. फुल्यांच्या हिशेबी जे नऊ-दशांश होते ते शिफारशीच्या भाषेत अपवाद झाले. इंग्लंडमध्ये १८९० नंतर ही पद्धती टप्प्याटप्प्याने सोडून देण्यात आली.

वार्षिक मापाचा मोह त्यामुळे संपला नाही. अमेरिकेत २००२ साली संमत झालेल्या कायद्याने प्रत्येक शाळेला ‘पुरेशी वार्षिक प्रगती’ दाखविणे बंधनकारक केले. वंश, दारिद्र्य, अपंगत्व इत्यादी गटांचे आकडे वेगळे मागितले आणि २०१३–१४ पर्यंत सर्व विद्यार्थी अपेक्षित पातळीवर यावेत असे ठरविले. गटवार आकडे मागण्यात लो यांच्या कोष्टकापेक्षा निश्चित प्रगती होती. शंभर टक्क्यांचे लक्ष्य मात्र गाठले गेले नाही आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये तो कायदा बदलला.

भारतात ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत आलेली ‘असर’ ही पाहणी या पार्श्वभूमीवर लक्षणीय ठरते. ती शाळेत होत नाही. पाहणी करणारे ग्रामीण भागात घरोघर जातात आणि मुलाला एकेकटे बसवून वाचावयास देतात : अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. पटावर नसलेले मूलही त्यात मोजले जाते आणि त्याच्या वाचनावर कोणत्याही शाळेचे अनुदान ठरत नाही. फुल्यांचा दाराबाहेरचा आक्षेप येथे पुष्कळसा दूर होतो. आर्नोल्डचा तसाच राहतो. घराच्या ओट्यावर मूल गोष्ट वाचून दाखविते किंवा परिच्छेदाशीच अडते. वर्षभर वर्गात शिक्षकाने त्याला काय शिकविले आणि कसे, हे त्या कागदावर येत नाही.