मुलाकातीचा दिवस

सआदत हसन मंटो यांची 'टोबा टेक सिंग' आपल्याकडे फाळणीची कथा म्हणून वाचली जाते आणि फाळणीवरच्या प्रत्येक परिसंवादात तिचा हवाला दिला जातो. दोन देशांनी जमीन वाटली, माणसे वाटली, मग वेडे तेवढे वाटायचे का राहावेत, असा हा जहरी विनोद आहे. या वाचनात चूक काही नाही. पण ते शेवटच्या प्रसंगाकडे इतक्या घाईने धावते की मधला मजकूर न वाचल्यासारखाच राहतो. तो मजकूर एका घराविषयी आहे.

बिशनसिंग हा खातापिता जमीनदार. त्याचे डोके एकाएकी फिरते आणि नातेवाईकच त्याला जाड साखळ्यांत जखडून लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळात आणून सोडतात. पंधरा वर्षे तो तिथे उभा आहे. पाय सुजलेत, पण आडवा होत नाही. महिन्यातून एकदा घरचे भेटायला येतात. दिवस-महिन्यांचा हिशेब त्याला राहिलेला नाही, तरी मुलाकातीचा दिवस त्याला आपोआप कळतो. त्या दिवशी तो अंगाला साबण चोळून आंघोळ करतो, केसांना तेल लावून कंगवा फिरवतो, एरवी न वापरलेले कपडे मागून घेतो आणि नटून जातो. आलेल्यांशी मात्र तो एक तर बोलत नाही किंवा निरर्थक काही पुटपुटतो. मुलगी रूपकौर दर भेटीत थोडी वाढलेली असते. लहान होती तेव्हा बापाला पाहून रडायची, जवान झाली तरी रडतेच. त्याला ती ओळखू येत नाही.

मनाच्या आजाराने घराचे काय होते हे इतक्या थोड्या शब्दांत सांगणारे लेखन मला दुसरे माहीत नाही. आजारी माणसाला नाती कळत नाहीत असे आपण धरून चालतो. मंटो दाखवतात ते याहून अवघड आहे. ओळख पुसली गेली तरी ओढ शिल्लक आहे. मंटो स्वतः लाहोरच्या मनोरुग्णालयात दारूच्या व्यसनापायी राहून आले होते आणि १९५५च्या जानेवारीत वारले. हा मजकूर आतून पाहिलेल्या माणसाचा आहे, हे विसरू नये.

हे मला उशिरा उमगले, कारण मी ही कथा पहिल्यांदा कॉलेजात वाचली तेव्हा खालाची आठवण मुद्दाम दूर ठेवली होती. माझी धाकटी खाला लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी परत आली. भिंतीकडे बघून बोलायची, रात्रभर जागायची, कुणी जेवणात काही घातले म्हणून ताट सरकवायची. मोहल्ल्यात सगळे म्हणाले, असर झालाय. तावीज झाले, पाणी दम करून झाले, दर्गे झाले. शेवटी इस्पितळ. नानीबरोबर मीही जायचो. आम्ही पोचायच्या आधीच ती वेणी घालून, ओढणी नीट घेऊन बसलेली असे, आणि आम्ही समोर बसलो की तोंड फिरवत असे. मला राग यायचा. बोलायचेच नव्हते तर वेणी कशाला घातली?

आता आपल्या साहित्याकडे येतो. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ला तलाकच्या प्रश्नावर सात स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. तेव्हापासून मुस्लिम मराठी लेखनाने घरातल्या स्त्रीचे दुःख मांडले आणि १९९०मध्ये सोलापूरला पहिले संमेलन भरल्यानंतर हा आवाज अधिक ठाम झाला. तलाक, सवत, गरिबी, दंगल यांवर आपण लिहिले. पण खालासारखी बाई आपल्या कथेत आली की ती हमखास जुलमाचा पुरावा होते. नवऱ्याने छळले म्हणून वेडी झाली, एवढे एक वाक्य आणि कथा संपते. छळ खराच असतो. पण त्यानंतरची वीस वर्षे तिला कोण जेवू घालते, तिच्या बहिणींची लग्ने कशी अडतात, भावाला रात्री कसली धास्ती वाटते, याला आपल्या कथेत जागा नाही. समाजाची बदनामी होईल, 'बघा यांची घरे' असे बाहेरचे म्हणतील, ही भीती लेखकाच्याही मनात असावी. ती मला कळते, पटत मात्र नाही.

शब्दांची अडचण म्हणावी तर तीही नाही. वसवसा, वहम, खफकान हे शब्द आपल्या घरातलेच. दहाव्या शतकात वारलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला, आणि त्यात राग, भीती, दुःख यांच्या बरोबरीने वसवशाचा, म्हणजे मनात घर करून राहणाऱ्या नकोशा विचारांचा, उपचाराच्या अंगाने विचार केला. आपण तो शब्द फक्त सैतानाच्या खात्यावर टाकला.

साखळीही कथेपुरती राहिलेली नाही. ६ ऑगस्ट २००१ला तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळील एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. बांधून ठेवल्यामुळे अनेकांना पळता आले नाही, २८ जण गेले. त्यांना तिथे बहुधा घरच्यांनीच आणून सोडले होते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला पूर्ण मनाई केली. गुजरातेत उनावा येथील मीरादातार दर्ग्यावर २००८पासून दुआ आणि दवा एकाच आवारात मिळावी असा उपक्रम सुरू झाला. मुजावराने जायरीनला डॉक्टरकडे पाठवायचे, त्याची श्रद्धा मोडायची नाही. मला यात एक कादंबरी दिसते. ती लिहिलेली मला अजून भेटलेली नाही.

मराठीत 'देवराई' (२००४) या चित्रपटाने हे धाडस केले. तिथे आजारी शेषइतकीच त्याची बहीण सीना महत्त्वाची आहे. सांभाळणाऱ्याचे थकणे, चिडणे, स्वतःच्या संसाराशी होणारी ओढाताण तिच्यात दिसते. मंटोंच्या कथेत ही बाजू नाही, हे कबूल केले पाहिजे. साखळी घालायचे घरात कुणी ठरवले, रूपकौर परत जाताना वाटेत काय बोलली, हे ते सांगत नाहीत. ते इस्पितळाच्या फाटकाच्या आतच थांबतात. आपल्याला लिहायचे ते फाटकाबाहेरचे आहे.

फाळणीनंतर मुलाकाती बंद होतात आणि बिशनसिंगला तो दिवस कळेनासा होतो. मग एकदा गावाकडचा मुसलमान दोस्त फजलदीन खाऊ घेऊन येतो. घरचे सगळे सुखरूप हिंदुस्थानात पोचले, म्हणतो. रूपकौरवर येताच अडखळतो, मग तीही ठीक आहे म्हणतो. टीकाकार या अडखळण्यात फाळणीतील स्त्रियांचे अपहरण वाचतात, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र तिथे आमचे घरही दिसते. खाला कुठे आहे, असे पाहुण्यांनी विचारले की अम्मी क्षणभर थांबायची आणि म्हणायची, गावाला गेलीय, बरी आहे.