कागदांत न सांपडणारें लग्न

अमेरिकेंत एखाद्यास आपल्या पणजीच्या लग्नाचा शोध करावयाचा असला, तर पुष्कळ ठिकाणीं तो जिल्ह्याच्या न्यायकचेरींत जातो. लग्नाचे परवाने व नोंदवह्या तेथें सालवार लावून ठेवलेल्या असतात. नांव सांगितलें कीं पान निघतें. नाशकांत त्याच हेतूनें कोणी जिल्हा न्यायालयाच्या पायऱ्या चढला, तर दीडशें वर्षांपूर्वींच्या हिंदु लग्नांची नोंदवही त्याला तेथें मिळणार नाहीं. कारण अशी वही ठेवण्याची चालच नव्हती. विवाह हा संस्कार. त्याला साक्ष अग्नीची आणि मांडवांत जमलेल्या सोयऱ्याधायऱ्यांची. १८७२ सालीं नोंदणी-विवाहाचा कायदा झाला खरा, परंतु त्याच्या मूळ स्वरूपांत वधूवरांना आपण हिंदु धर्म मानीत नाहीं असें लिहून द्यावें लागे. सामान्य गृहस्थ त्या वाटेला कशाला जाईल?

मग त्या काळच्या विवाहांचा इतिहास लिहावयाचा कशाच्या आधारें? तीन साधनें डोळ्यांपुढें येतात, आणि तिन्हींची पारख निरनिराळ्या मापानें करावी लागते.

पहिलें साधन गोदाकांठच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचें. यात्रेकरू रामकुंडावर स्नान-श्राद्धास आला, म्हणजे त्याच्या घराण्याचा उपाध्याय वही पुढें करतो, आणि यजमान स्वहस्तें आपलें, बापाचें, आजाचें, भावांचें व मुलांचें नांव लिहून खालीं सही करतो. जुनीं पानें मोडींत आहेत. नातू आला कीं आजाचें अक्षर त्याच्यापुढें उघडें होतें. लिहिणारा घरचाच असल्यामुळें या साधनाची विश्वसनीयता मोठी आहे. परंतु ही वंशाची वही आहे, विवाहाची नव्हे. आणि वंश पुरुषाच्या नांवानें वाहतो. सुनेचें नांव आलें, तरी तें बहुधा सासरचें, लग्नांत बदललेलें. ती कोणाची लेक, कोणत्या गांवची, कितव्या वर्षीं या घरीं आली, हें त्या पानावरून कळत नाहीं. तिचा माग काढावयाचा तर माहेरची वही पाहावी लागते, आणि तेथें बहुतकरून तिच्या भावांचींच नांवें भेटतात.

दुसरें साधन न्यायालयाचें दफ्तर. तें लग्नाविषयीं बोलतें, पण लग्न मोडूं लागल्यावर. रखमाबाईंचें दादाजी भिकाजी याच्याशीं लग्न झालें तेव्हां त्या अकरा वर्षांच्या होत्या. पुढें त्या नांदावयास जाईनात, म्हणून दादाजीनें १८८४ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत फिर्याद केली. १८८५ सालीं न्या. पिन्ही यांनीं रखमाबाईंच्या बाजूनें निकाल दिला. तो अपिलांत फिरला. १८८७ सालीं न्या. फॅरन यांनीं नवऱ्याकडे जा, नाहीं तर सहा महिने कैद भोगा, असें फर्माविलें. १८८८ सालीं तडजोड झाली. या एका लग्नाचा इतका तपशील आपणांस मिळतो, तो ती मुलगी ‘नाहीं’ म्हणाली म्हणून. ज्या असंख्य मुलींच्या तोंडून तो शब्द निघाला नाहीं, त्यांचें पान कोरेंच राहिलें.

तिसरें साधन वाङ्मयाचें. आणि तें कोरें पान भरणारी लेखिका नाशिक परिसरांतलीच निघाली. नाशिकजवळच्या जलालपूरची मनकर्णिका गोखले हीही अकराव्याच वर्षीं बोहल्यावर चढली. सासरीं तिची लक्ष्मी झाली. त्याच लक्ष्मीबाई टिळकांचें ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालें. सासऱ्यांचा जाच, नारायण वामन टिळकांचा तापट स्वभाव, त्यांचें अवचित घर सोडून जाणें, हें सारें बाई हंसत हंसत सांगतात. न्याय मागण्याचा सूर त्यांत नाहीं. टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर पतिपत्नींची ताटातूट झाली. १८६६ च्या कायद्यानें अशा विवाहाचा विच्छेद न्यायालयांतून मागतां येत असे. तसें होतें, तर दफ्तरांत एक पान वाढलें असतें. परंतु दोघें पुन्हा एकत्र आलीं. म्हणजे न्यायालयाच्या दृष्टीनें कांहींच घडलें नाहीं! जें घडलें तें या पुस्तकांत आहे. अर्थात् अर्धशतकानंतर लिहिलेल्या आठवणींवरून तिथिवार ठरवूं नयेत. त्यासाठीं वही चांगली. पण लग्न म्हणजे त्या मुलीस काय वाटलें, याला स्मृतीवांचून दुसरा दाखला नाहीं.

१९५३ सालीं मुंबई राज्यांत विवाह-नोंदणीचा कायदा झाला, आणि २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सर्वधर्मीय विवाहांची नोंद सक्तीची करण्याचे आदेश दिले. आजच्या वधूचें माहेरचें नांव व वय कागदावर येतें. मागच्या पिढ्यांचें काय? प्रत्येक घरांत लक्ष्मीबाई निपजत नसतात. परंतु घरांतली वृद्धा हयात आहे तोंवर तिचें माहेरचें नांव, गांव आणि लग्नाच्या वेळचें वय तिला विचारतां येईल, आणि पुढच्या खेपेस नाशकास वही समोर आली म्हणजे तिथें उतरवितां येईल. त्या वहींत यजमानच स्वतःच्या हातानें लिहितो; तेव्हां तिचें नांव गळालें, तर तो दोष उपाध्यायाच्या माथीं मारतां यावयाचा नाहीं.