‘अनेक डोळ्यां’चा नियम आणि वेबसुरक्षा : रेमंड यांच्या निबंधाची चिकित्सा

मुक्तस्रोत आज्ञावलीच्या चळवळीस वैचारिक अधिष्ठान देणाऱ्या लेखनात एरिक रेमंड यांच्या ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ या निबंधाचे स्थान अग्रगण्य आहे. १९९७ साली प्रथम वाचला गेलेला आणि १९९९ मध्ये ग्रंथरूपाने आलेला हा निबंध खुल्या, बाजारासारख्या गजबजलेल्या निर्मितीपद्धतीचे समर्थन करतो. तपासणारे पुष्कळ असले की कोणताही दोष कोणाला तरी सहज उलगडतो, हे त्यातील मध्यवर्ती प्रमेय होय. वेबसुरक्षेच्या क्षेत्रात त्याचा होणारा सरसकट वापर मात्र प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

रेमंड यांचा स्वानुभवाचा पुरावा ‘फेचमेल’ या टपाल आणून देणाऱ्या आज्ञावलीचा आहे. टपाल आले नाही तर वापरणारा तक्रार करतो, म्हणून तोच सहनिर्माता ठरतो. हे योग्यच आहे. परंतु सुरक्षेतील छिद्र वापरणाऱ्यास टोचत नाही. ते शोधावे लागते, आणि शोधणारा प्रत्येक जण हितचिंतक असेलच असे नाही. निबंधाच्या युक्तिवादात हा भेद हिशेबात घेतलेला दिसत नाही.

२०१४ च्या एप्रिलमध्ये उघड झालेला ‘हार्टब्लीड’ हा दोष याचे बोलके उदाहरण आहे. ‘ओपनएसएसएल’मध्ये जोडणी जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी एक संगणक दुसऱ्याकडे छोटा मजकूर पाठवून त्याची लांबी कळवीत असे. दुसऱ्याने तोच मजकूर परत करावयाचा. कळविलेली लांबी खरी आहे काय, एवढी साधी तपासणी राहून गेली होती. त्यामुळे लांबी फुगवून सांगणाऱ्यास सर्व्हरच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर, प्रसंगी परवलीचे शब्द व गुप्त किल्ल्याही, मिळू शकत. मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून हा दोष सर्वांसमक्ष उघडा होता. या काळात असंख्य संकेतस्थळांचा भार वाहणाऱ्या त्या प्रकल्पाकडे पूर्णवेळ काम करणारा विकसक एकच होता.

यावर तेथे डोळेच नव्हते, असा खुलासा रेमंड यांनी केला. वस्तुस्थिती म्हणून तो खरा आहे. पण त्याने नियमाचा बचाव होत नाही. दोष सापडला तर डोळे पुरेसे होते आणि न सापडला तर अपुरे होते, असे म्हणावयाचे ठरल्यास तो नियम कधीच खोटा ठरणार नाही. डोळे कोठून यावेत आणि त्यांचे वेतन कोणी द्यावे, हा खरा प्रश्न निबंधात अनुत्तरित राहतो.

मार्च २०२४ मधील ‘एक्सझेड’ प्रकरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. स्वारस्य संपल्यावर प्रकल्प सक्षम वारसाकडे सोपवावा, असा रेमंड यांचा एक धडा आहे. येथे टोपणनाव धारण केलेल्या व्यक्तीने सुमारे दोन वर्षे चोख काम करून, थकलेल्या पालकाचा विश्वास संपादून, नेमके तेच वारसत्व मिळविले आणि चोरवाट पेरली. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास ती प्रथम जाणवली ती स्रोत वाचून नव्हे, तर दूरस्थ प्रवेशास अर्धा सेकंद अधिक का लागतो या कुतूहलातून. स्रोताची छाननी त्यानंतर झाली. चोरवाट कार्यान्वित करणारी आज्ञा सार्वजनिक स्रोतभांडारात नव्हतीच. ती वितरणासाठी बांधलेल्या संचात होती. भांडार कितीही जणांनी वाचले असते, तरी ती ओळ तेथे त्यांना दिसली नसती.