पितळी अनुवाद

काही वर्षांपूर्वी मार्विन गे या अमेरिकी गायकाचं ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हे गाणं मराठीत आणायचा मी प्रयत्न केला आणि शीर्षकापाशीच अडखळले. ‘काय चाललंय?’ असं म्हणता येतं. रस्त्यात मित्र भेटला की आपण हेच विचारतो. पण त्यालाच आणखी एक ‘काय’ जोडला की विचारपूस संपते आणि जाब सुरू होतो: ‘काय चाललंय काय!’ मूळ गाण्यात विचारपूस आणि जाब एकाच शब्दांत नांदतात. 1971चं ते ध्वनिमुद्रण सुरू होतं मित्रांच्या गप्पांनी आणि एली फाँटेनच्या आल्टो सॅक्सोफोननं. मग तीच ख्यालीखुशाली व्हिएतनाम युद्धाला आणि पोलिसांच्या दंडेलीला विचारलेला प्रश्न होते. मराठीत मला दोहोंतलं एक निवडावं लागत होतं. मी वही मिटली.

त्याच अल्बमचा एक अनुवाद मला पुढे सापडला, तो न्यू ऑर्लिन्सच्या डर्टी डझन ब्रास बँडनं केलेला. 2006 साली, कतरिना वादळाला वर्ष होत असताना, या बँडनं गेचा अख्खा अल्बम, नऊच्या नऊ गाणी, नव्यानं वाजवला. रोमान याकबसननं 1959च्या आपल्या निबंधात अनुवादाचे तीन प्रकार सांगितले. त्यातला तिसरा, एका चिन्हव्यवस्थेतून दुसरीत जाणारा, वर्गात उदाहरणांपुरता येतो आणि विसरला जातो. हा अल्बम त्या तिसऱ्या प्रकाराकडे गंभीरपणे पाहायला लावतो.

बँडची पार्श्वभूमी इथे महत्त्वाची आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये प्रेतयात्रेला बँड असतो. जाताना संथ भजनं वाजतात. दफन झाल्यावर तोच बँड नाचायला लावणारी चाल धरतो आणि मागून लोक रुमाल, छत्र्या हलवत येतात. सत्तरच्या दशकात ही परंपरा क्षीण होत होती. बँजोवादक डॅनी बार्करनं फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चमध्ये पोरांचा बँड उभा केला. त्याच मुशीतून 1977च्या सुमारास डर्टी डझन पुढे आला. त्यांनी मिरवणुकीच्या संगीतात बीबॉप, फंक आणि सोल मिसळलं, लय वाढवली. अंगाभोवती वेटोळं घालून वाजवायचा सूझाफोन आतापर्यंत फक्त ठेका धरत होता. त्याला त्यांनी फंकच्या बास गिटारसारखं धावायला लावलं. जुन्या मंडळींना हे रुचलं नाही. आज मात्र न्यू ऑर्लिन्सचे तरुण बँड त्यांच्याच वाटेनं चालताना दिसतात.

आता या बँडच्या हाती गेचा प्रश्न येतो तेव्हा काय होतं? गे स्वतःचाच आवाज अनेकदा ध्वनिमुद्रित करून एकावर एक रचत असे. ‘सेव्ह द चिल्ड्रन’मध्ये तो एक ओळ बोलतो आणि तीच गातो, एकटा माणूस स्वतःशी वाद घालत असल्यासारखं ते वाटतं. ट्रंपेट, ट्रोंबोन आणि सॅक्सोफोनच्या मेळात हे अनेकपण आपोआप येतं, पण त्याचा अर्थ पालटतो. एका माणसाच्या मनातली कुजबुज चौकात जमलेल्या लोकांचा कल्लोळ होते. गेच्या आवाजात आर्जव होतं. पितळेला आर्जव तितकं साधत नाही, मात्र हंबरडा साधतो. बंधारे फुटून ज्या शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला, त्याच्या तोंडी तो जास्त खरा वाटतो. ‘मर्सी मर्सी मी’ मुळात पर्यावरणाच्या नासाडीचं गाणं आहे. पाण्यातून वर आलेल्या शहराच्या बँडनं ते वाजवल्यावर नासाडी हा शब्द उच्चारायची गरजच उरत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. बँडनं या अल्बमसाठी पाहुणे गायक आणि रॅपर बोलावले. बेटी लव्हेटच्या आवाजाला स्वतःचं वय आणि व्रण आहेत, ती शोभते. पण शीर्षकगीतात चक डीचा रॅप येतो तेव्हा गेनं जपलेली संदिग्धता संपते. उरतो नुसता जाब. मी वहीत जी चूक करत होते तीच ही. अनुवादकाचा मूळ संहितेवरचा विश्वास उडाला की तो तळटीप घालतो. इथे रॅप ही तळटीप झाली आहे. राग रास्त आहे, पण वाद्यांनी तो आधीच सांगितलेला होता.

एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. शब्द वगळून वाजवलेलं गाणं ज्याला मूळ ठाऊक आहे त्यालाच कळतं. आपल्याकडच्या वरातीत बँडवाला क्लॅरिनेटवर सिनेमाचं गाणं धरतो आणि नाचणारे शब्द आपले आपण भरतात. गाणं माहीत नसलेल्या पाहुण्याला नुसता ठेका मिळतो. डर्टी डझनचा श्रोताही असाच घरचा आहे. म्हणजे हा अनुवाद मूळ न वाचलेल्यांसाठी नाही. आपण सहसा अनुवाद अशांसाठीच करतो, म्हणून हे खटकतं.

पण घरच्या माणसांनाही अनुवाद लागतो. पस्तीस वर्षं पाठ असलेलं गाणं त्यांच्या तोंडी गुळगुळीत झालेलं असतं. घर वाहून गेलेल्या माणसाला शेजाऱ्यानं ‘काय चाललंय?’ विचारलं, तर त्या दोन शब्दांत विचारपूस किती आणि जाब किती, हे आवाजावरूनच कळेल. नेमका तो आवाज या बँडनं अनुवादला आहे. माझ्या वहीत शब्द होते, आवाज नव्हता. म्हणून ती अजून मिटलेलीच आहे.