आठी आणि सुरकुती

मागच्या वर्षी एका त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यासाठी संमतिपत्रांचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं. कादंबऱ्यांच्या अनुवादावर घर चालत नाही, तेव्हा अशी कामं मी नाक न मुरडता घेते. इंग्रजी मजकूर सरळ होता. भुवयांच्या मधे कोणतं इंजेक्शन देणार, गालात कोणतं फिलर भरणार, कानाच्या कडेने छेद घेऊन त्वचा आणि तिच्याखालचा थर वर ओढताना काय बिघडू शकतं, वगैरे. अडले ती ‘फ्राउन लाइन्स’पाशी.

मराठीत त्यासाठी दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांची जागा घेत नाहीत. आठी पडते आणि जाते. सुरकुती पडली की राहते. आठी रागाची असते, काळजीची असते, हिशेब न जुळल्याची असते, नुसती उन्हाचीही असते. सुरकुती वयाची. हिंदीतही कपाळावरचे बल वेगळे आणि झुर्री वेगळी. इंग्रजी शब्दात मात्र दोन्ही एकाच रेषेत बसतात. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते चूक नाही. तीच आठी वर्षानुवर्षं पडत राहिली की तिची सुरकुती होते. पण बोटुलिनम टॉक्सिन काम करतं ते सुरकुतीवर नव्हे, आठीवर. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवतं. स्नायू आकसत नाही, म्हणून घडी पडत नाही. तीन-चार महिन्यांनी निरोप पुन्हा पोचू लागतो आणि पुन्हा सुई घ्यावी लागते. अमेरिकेत 2002 साली सौंदर्योपचार म्हणून त्याला पहिली मान्यता मिळाली ती नेमकी भुवयांमधल्या रेषांसाठी. म्हणजे वयाच्या आधी हावभावासाठी.

हे मला खटकलं ते अनुवादक म्हणून. ‘तिच्या कपाळाला आठ्या पडल्या’ हे वाक्य मी किती वेळा लिहिलंय याची गणती नाही. पात्राच्या मनातलं न सांगता वाचकापर्यंत पोचवायची कथात्म गद्याची ही सर्वांत स्वस्त सोय आहे. ज्या चेहऱ्यावर आठी पडूच शकत नाही त्याचं लेखकाने काय करायचं?

चेहरा तरुण करण्याचा विषय निघाला की आपल्याकडची समीक्षा थेट ययातीकडे धावते. खांडेकरांची कादंबरी 1959ची, पाठोपाठ कर्नाडांचं कन्नड नाटक. दोन्ही भाषांच्या वाचकांना ते नाव उच्चारलं की पुढचं सांगावं लागत नाही. मला ही सवय आळशीपणाची वाटते. ययातीने पुरूचं तारुण्य घेतलं. कुणाच्या तरी वाट्याचं घेतलं, म्हणून ती कथा पापाची होते. पुरूच्या नवपरिणीत बायकोला, चित्रलेखेला, त्याची काय किंमत द्यावी लागते हे कर्नाडांनी दाखवलं ते त्यामुळेच. चव्वेचाळीस वर्षांची एखादी बाई स्वतःच्या पैशाने स्वतःच्या गालात फिलर भरून घेते तेव्हा ती कोणत्या पुरूला म्हातारं करते? तरी साहित्य तिला शिक्षा देऊनच थांबतं. ‘डोरियन ग्रे’पासून 2024च्या ‘द सब्स्टन्स’ या चित्रपटापर्यंत तरुण चेहरा मागणाऱ्याचा शेवटी चिखल होतो. तो बघून आपण समाधानाने घरी जातो.

माझ्या मते या विषयाची खरी कथा महाभारतातच, पण वनपर्वात आहे. तीही एक नव्हे, दोन. पहिली दमयंतीची. स्वयंवरात नळासारखेच दिसणारे पाच पुरुष समोर उभे असतात. त्यातले चार देव. ती देवांना ओळखते ते त्यांना घाम येत नाही, डोळ्यांची पापणी लवत नाही, माळा कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत यावरून. उरलेला, घामेजलेला, धूळ लागलेला, पापणी लवणारा, तो नळ. आता या औषधाचा इतिहास पाहा. 1989 साली त्याला मान्यता मिळाली ती तिरळेपणासाठी आणि पापण्यांच्या अनावर उघडझापीसाठी. 2002 साली आठ्यांसाठी. 2004 साली काखेतल्या अतिघामासाठी. आजार तो आजार, त्यावर उपचार हवाच. पण ही यादी दमयंतीच्या यादीशेजारी ठेवून वाचल्यावर मला क्षणभर हसू आलं.

दुसरी कथा सुकन्येची. म्हाताऱ्या च्यवनाशी तिचं लग्न लावून दिलेलं आहे. (हाच तो च्यवनप्राशाच्या बरणीवरचा च्यवन.) अश्विनीकुमार तिला म्हणतात, आम्ही तुझ्या नवऱ्याला तरुण करतो, मग आम्हा तिघांतून एकाला निवड. ती नवऱ्याला विचारते, तो हो म्हणतो. तिघे सरोवरात उतरतात आणि एकसारखे तरुण, एकसारखे देखणे होऊन बाहेर येतात. दमयंतीसारख्या खुणा इथे दिलेल्या नाहीत. सुकन्या मनाने, बुद्धीने ठरवते आणि आपल्याच नवऱ्याला निवडते. कशावरून, ते कथा सांगत नाही. च्यवनाला शिक्षाही होत नाही. तारुण्य मिळाल्याचा त्याला आनंद होतो आणि अश्विनींना तो सोमाचा वाटा मिळवून देतो. इथे तरुण होणं हे पाप नाही. अडचण आहे ती पाहणाऱ्याची.

ही अडचण ओळखणारी एक पाश्चात्त्य कादंबरी आहे, आता फारशी न वाचली जाणारी: गर्ट्रूड आथर्टनची ‘ब्लॅक ऑक्सन’. 1923 साली अमेरिकेत ती धडाक्यात खपली. न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात एक सुंदर तरुणी दिसते आणि शहरातल्या जुन्या मंडळींना धक्का बसतो. तीस वर्षांपूर्वी युरोपात लग्न करून गेलेल्या मेरी ऑग्डनचा हा हुबेहूब चेहरा. मुलगी असेल, अनौरस असेल, भाची असेल. पुढे उलगडतं की ती मेरीच आहे, अठ्ठावन्न वर्षांची, व्हिएन्नात क्ष-किरणांच्या उपचाराने तरुण झालेली. आथर्टनने स्वतः तो उपचार घेतला होता, त्यामुळे पुस्तकात प्रचारकाचा उत्साह जागोजाग आहे आणि मधली पानं कंटाळवाणी आहेत. उपचाराच्या शास्त्रातलंही आता फारसं काही टिकलेलं नाही. पण मेरी आपल्या जुन्या मैत्रिणींना सत्य सांगते तो प्रसंग पकडून ठेवतो. त्यांच्या रागात मत्सर आहेच, पण त्याहून मोठी तक्रार अशी, की आम्ही तुझ्या चेहऱ्यावर आमचं वय वाचत होतो, ते पान तू फाडलंस. शेवटी तरुण प्रियकराला सोडून मेरी ऑस्ट्रियाच्या राजकारणात परत जाते. मन अठ्ठावन्नचंच आहे, असा लेखिकेचा निवाडा. तिथे तीही शिक्षेकडे झुकलीच. मला ते पटत नाही.

त्याच दशकात, 1926 साली, पॅरिसमध्ये सुझान नोएल या शल्यविशारद बाईने सौंदर्यशस्त्रक्रियेच्या सामाजिक भूमिकेवर पुस्तक लिहिलं. ती कट्टर स्त्रीवादी होती. म्हातारी दिसते म्हणून बाईची नोकरी जाते, तर तिच्या चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करणं हे चैनीचं नव्हे, पोटापाण्याचं काम आहे, असा तिचा युक्तिवाद. ययाती तोंडावर फेकणाऱ्यांनी नोएलला उत्तर द्यावं. मालकाला तरुण चेहरा लागतो म्हणून बाईने सुई टोचून घ्यावी, ही व्यवस्था बरी नाही, हे खरंच. पण तिचा जाब सुई टोचून घेणारीला का विचारायचा?

माझी एक मैत्रीण मालिकांत काम करते. दर चार महिन्यांनी कपाळ गुळगुळीत करून येते. नाही केलं तर नायिकेच्या मोठ्या बहिणीची भूमिका जाऊन आजीची येईल, म्हणते. तिचे वडील गेले तेव्हा मी भेटायला गेले होते. ती बोलत होती आणि माझ्या मनात येत होतं, हिला काहीच कसं वाटत नाही? कपाळ स्वच्छ, भुवया जागच्या जागी. मी जवळजवळ रागावले होते. मग चहाचा कप तिने उचलला, बशीत ठेवला, परत उचलला, परत ठेवला. असं पाच-सहा वेळा, एकही घोट न घेता. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. वीस वर्षं माणसांचे चेहरे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणारी मी, एक रेघ नाही म्हटल्यावर वाचायचं विसरले होते.

सुकन्येने कदाचित असंच काही पाहिलं असेल. पाण्यातून बाहेर येताना कोणता पाय आधी टाकतो, किंवा हाक मारल्यावर मान कुठे वळते. तिने ज्या डोळ्यांत अजाणता काटा खुपसला होता ते डोळे तिच्याकडे कसे बघतात, हेही असेल.

संमतिपत्रात मी ‘भुवयांमधल्या आठ्या’ असं लिहून दिलं. दवाखान्यातून तपासून परत आलं तेव्हा त्यावर काट मारून ‘वयाच्या खुणा’ केलं होतं; पेशंटला ते चटकन कळतं, अशी शेजारी टीप. मी फोन करून फरक समजावला. समोरच्या डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, “ताई, आठ्या घालवायला कोण येतं?”