शिखर, उतार आणि गवत : गिरिभ्रमणपर लेखनाचे कथनरूप आणि डहाणू-तलासरीचे डोंगर

१

मराठी प्रवासवर्णनाचा विचार करताना आपल्या समीक्षेने परदेशप्रवास आणि तीर्थयात्रा या दोन प्रकारांकडे जेवढे लक्ष दिले, तेवढे एका तिसऱ्या प्रकाराकडे दिलेले नाही. पहाटे पायथ्याचे गाव सोडावयाचे, दुपारच्या आत डोंगराचा माथा गाठावयाचा आणि अंधार पडण्यापूर्वी परतावयाचे, अशा एका दिवसाच्या भ्रमंतीचे वर्णन करणारे हे लेखन होय. विसाव्या शतकाच्या आरंभी चिं. गं. गोगटे यांनी किल्ल्यांची माहिती संकलित केली, पुढे गो. नी. दांडेकरांनी तिच्यात चालणाऱ्या देहाचा आणि भारावलेल्या मनाचा अनुभव ओतला, प्र. के. घाणेकरांसारख्या लेखकांनी ती वाटा-पाणवठ्यांच्या तपशिलांसह सामान्य भटक्याच्या हाती दिली. दिवाळी अंक, रविवारच्या पुरवण्या आणि गिर्यारोहण संस्थांच्या स्मरणिका यांतून या परंपरेला असंख्य फाटे फुटले. परिमाणाने एवढे मोठे असलेले हे लेखन ‘छंदाचे लेखन’ म्हणून समीक्षेच्या कक्षेबाहेर राहावे, ही गोष्ट योग्य नाही. छंदाच्या लेखनातही एक दृष्टी असते, आणि ती दृष्टी कोणाच्या श्रमावर उभी आहे हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

या लेखनाचा आणखी एक विशेष असा, की ते ऋतुबद्ध आहे. आश्विनापासून पौषापर्यंतचा काळ हा त्याचा खरा काळ. पाऊस ओसरलेला असतो, हवा धुतल्यासारखी निवळलेली असते, टाक्यांत पाणी असते, ओढे ओलांडता येतात आणि उतारावरचे गवत सोनेरी झालेले असते. हे गवत या प्रकारच्या लेखनात वारंवार येते. प्रस्तुत लेखात मी या गवताचाच माग काढणार आहे. शिखराकडे जाणाऱ्या मराठी गद्याने शरदातल्या उताराला केवळ ‘वाट’ आणि ‘दृश्य’ मानले. त्याच ऋतूत त्याच उतारावर चाललेले जगणे त्याच्या कथनरूपातच मावत नव्हते, असे माझे प्रतिपादन आहे. त्यासाठी डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतील डोंगर मी निवडले आहेत.

२

प्रथम या कथनरूपाची घडण पाहू. निघणे, चढणे, माथ्यावर पोहोचणे, तेथून पाहणे आणि उतरणे, असे त्याचे पाच टप्पे असतात. मात्र पाचही टप्प्यांना सारखे वजन मिळत नाही. चढण सविस्तर येते, माथ्यावरचे दर्शन उत्कटतेने येते आणि उतरणे बहुधा एका वाक्यात आटोपते. कथनाचा कळस आणि डोंगराचा कळस एकच असावा, अशी ही रचना आहे.

तिची भाषा अधिक बोलकी आहे. मराठीत डोंगराच्या अवयवांची नावे देहातून आणि घरातून आलेली आहेत: माथा, पायथा, कूस, सोंड, नाक, पदर. डोंगराशी पिढ्यान्‌पिढ्या शेजारधर्माने राहिलेल्या लोकांची ही नामे आहेत. परंतु चढणाऱ्याची क्रियापदे रणांगणावरून आली आहेत: चढाई करणे, मोहीम काढणे, शिखर सर करणे. मराठी गिरिभ्रमण दुर्गांच्या वाटेने वाढले असल्याने हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. परिणाम असा, की एकाच वाक्यात नाम घरातले आणि क्रियापद लढाईतले असा विसंवाद निर्माण होतो. आपण पदरावरून चढतो आणि माथा ‘सर’ करतो. शत्रू उरलेला नाही. पण जिंकण्याचे व्याकरण उरले आहे.

या रचनेचे एक प्रसिद्ध पूर्वरूप युरोपात आढळते. पेट्रार्कने १३३६ मध्ये व्हाँतू पर्वतावर केलेल्या चढाईचे जे पत्ररूप वर्णन ठेवले, त्यात वाटेत एक वृद्ध धनगर भेटतो. पन्नास वर्षांपूर्वी तो स्वतः माथ्यावर जाऊन आलेला असतो आणि तो या मंडळींना परावृत्त करू पाहतो. ते त्याचे ऐकत नाहीत. जड वाटणारे सामान त्याच्याजवळ ठेवून पुढे जातात. माथ्यावर पेट्रार्क संत ऑगस्टीनचा ग्रंथ उघडतो आणि अंतर्मुख होतो. या प्रसंगाचा विचार बहुधा आधुनिक आत्मभानाच्या अंगाने झाला आहे. मला मात्र तो धनगर महत्त्वाचा वाटतो. आत्मभान वर घडते आणि सामान खाली राहते. ज्याने डोंगर आधी पाहिला, त्याला नाव मिळत नाही. मराठी भ्रमणगद्यातील ‘वाटाड्या’ या धनगराचाच दूरचा आप्त आहे. तो काटक असतो, अबोल असतो, अनवाणी असतो. पण भात कापणीच्या ऐन दिवसांत तो आपले शेत सोडून आपल्याबरोबर कसा आला, हा प्रश्न कथनात सहसा उपस्थित होत नाही.

रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात निसर्गदृश्य या कल्पनेतच पाहणाऱ्याचे श्रमापासूनचे अंतर कसे गृहीत धरलेले असते, हे दाखविले आहे. हे अंतर शिखरावर सर्वांत मोठे होते. वरून पाहिले की खाचरे चौकटी होतात आणि वाकलेली माणसे दिसेनाशी होतात.

३

डहाणू-तलासरीचा मुलूख या कथनरूपाला सहजासहजी दाद देत नाही. कासा-सायवनच्या बाजूचा गंभीरगड सोडला, तर ज्यांच्या आधारे इतिहासाचा आवेश उभा करावा असे दुर्ग येथे फारसे नाहीत. डोंगर मात्र आहेत आणि त्यांच्या कथाही आहेत. त्या कथांची दिशा निराळी आहे.

पहिली कथा डहाणूच्या महालक्ष्मीची. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत विवळवेढे येथे पायथ्याशी देवीचे मंदिर आहे आणि मूळ स्थान वर डोंगरावर आहे. लोककथा अशी, की एक गरोदर भक्त स्त्री दर्शनासाठी डोंगर चढत होती. तिला चढ सोसवेना, तेव्हा तिचे कष्ट पाहून देवी स्वतःच खाली आली. कथनरूपाच्या दृष्टीने ही कथा विलक्षण आहे. येथे भक्ताने शिखर गाठावयाचे नसून शिखराने भक्ताकडे यावयाचे आहे. चढण्याची असमर्थता हा पराभव ठरत नाही; उलट तीच देवीच्या उतरण्याचे कारण होते. आपल्या भ्रमणगद्यात जो अर्ध्या वाटेवर थांबतो तो कथनातून गळतो. येथे थांबलेलीच कथेची नायिका आहे. वरचे स्थान त्यामुळे रद्द होत नाही. चैत्री पौर्णिमेला सुरू होणाऱ्या यात्रेत डोंगरमाथ्यावर ध्वज लावला जातो आणि तो मान वाघाडीच्या पुजाऱ्याचा असतो. एकाने सर्वांच्या वतीने चढावे, असा हा संकेत आहे. प्रत्येकाने स्वतःसाठी चढावे, ही कल्पना त्याच्याजवळ ठेवून पाहिली म्हणजे ती किती अर्वाचीन आहे हे ध्यानात येते.

दुसरी कथा बोर्डी-घोलवडच्या पूर्वेकडील बारड डोंगराची. तेथील बाहरोटच्या गुंफांत पारशी समाजाने आपला पवित्र अग्नी लपवून ठेवला होता, अशी परंपरा आहे. बहमन कैकोबाद याने १५९९ च्या सुमारास रचलेल्या ‘किस्सा-इ-संजान’ या फार्सी काव्यानुसार, संजानच्या पाडावानंतर हा समाज बारा वर्षे बाहरोटच्या आश्रयाला होता. पुढे अग्नी वांसद्यास व नंतर नवसारीस गेला. या काव्याच्या ऐतिहासिक प्रामाण्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु येथे आपला प्रश्न कथनाचा आहे. या कथेत माणसे उंचावर जातात ती पाहण्यासाठी जात नाहीत. कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून जातात. भ्रमणगद्यात माथा म्हणजे दूरवरचे दिसण्याची जागा. बाहरोटच्या कथेत ती न दिसण्याची जागा आहे. शिखराचा अर्थ शिखरात नसतो, चढणाऱ्याच्या परिस्थितीत असतो, एवढे यावरून निश्चित म्हणता येईल.

४

आता गवताकडे वळू. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे पुस्तक आपण चळवळीचे आत्मकथन म्हणून वाचतो. साहित्य अकादमी पुरस्कारामुळे (१९७२) त्याची वाङ्मयीन दखलही घेतली गेली. परंतु ते चालण्याचेही पुस्तक आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्याखेरीज ते लिहिले जाणे शक्यच नव्हते. टिटवाळा येथील किसान परिषद (जानेवारी १९४५) आणि झरी येथील सभा (मे १९४५) यांपासून सुरू झालेल्या वारली लढ्याचा पहिला घाव वेठबिगारी आणि लग्नगडी या प्रथांवर होता. पाऊस संपताच लढ्याने मजुरीचा प्रश्न हाती घेतला, आणि तो प्रश्न होता गवत कापणीच्या मजुरीचा. पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये, ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले.

ही तारीख शरदातली आहे. पर्यटनपर गद्याला जो पंधरवडा सर्वांत रम्य वाटतो, तोच हा पंधरवडा. ज्या गवताच्या सोनेरी रंगाने आपली वाक्ये उजळतात, त्याचे वजन या पुस्तकात पौंडांत मोजलेले आहे. एकच वस्तू एका लेखनप्रकारात रंग असते आणि दुसऱ्यात वजन असते. हा फरक लेखकांच्या सहृदयतेतला नाही. भ्रमणगद्याचे लेखक असहृदय होते असे कोणी म्हणणार नाही. दांडेकरांना गडाखालच्या माणसांविषयी अपार जिव्हाळा होता. फरक कथनरूपातला आहे. शिखराकडे धावणाऱ्या कथनात उतार हा ओलांडावयाचा असतो. तेथे थांबून वजनकाट्याकडे पाहण्याची सवड त्या रूपात नाही. परुळेकरांच्या कथनाला शिखरच नाही. त्याची हालचाल पाड्यापासून पाड्याकडे, आडवी आहे.

शीर्षकातील क्रियापदही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ‘सर करणे’ सकर्मक आहे. त्याला जिंकण्याजोगे कर्म लागते. ‘जागा होणे’ अकर्मक आहे. तेथे दुसऱ्या कशावर सत्ता स्थापन होत नाही, कर्त्याची अवस्थाच पालटते.

५

याच मुलखातल्या चित्रकलेचा दाखला येथे अप्रस्तुत होणार नाही. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्यामुळे जगभर पोहोचलेल्या वारली चित्रात त्रिकोण हा मूलभूत आकार आहे आणि तो डोंगरांच्या व झाडांच्या शेंड्यांवरून घेतला, असे सांगितले जाते. माणसाचे धडही दोन त्रिकोण टोकाला टोक लावून होते. म्हणजे डोंगराचा आकार माणसाच्या देहात आला आहे. पण या चित्राला क्षितिज नसते आणि जेथून सर्व काही एकाच नजरेत सामावावे असे स्थानही नसते. तारपा नाचाचे वलय वरून पाहिल्यासारखे असते, तर नाचणारे समोरून पाहिल्यासारखे. शिखरावर उभे न राहताही समग्रता साधता येते, याचा हा दृश्य पुरावा आहे. तारपा वाजतो तोही पीक हाती येण्याच्या याच दिवसांत. तेव्हा हा ऋतू येथे कोणाच्याही सुट्टीचा ऋतू नाही, तो कापणीचा आणि त्यानंतरच्या नाचाचा आहे.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. रविवारी डोंगरावर जाणाऱ्या माणसाने मजुरीचे दर लिहावेत, ही अपेक्षा समीक्षेची की समाजकार्याची? आक्षेप रास्त आहे. आशयाची यादी लेखकाच्या हाती देणे हे समीक्षेचे काम नव्हे. शिवाय या लेखनाने मराठी गद्याला दिलेले देणेही मान्य केले पाहिजे. दप्तरात आणि बखरीत अडकलेला भूगोल त्याने पायांखाली आणला, आणि ‘मी तेथे गेलो होतो’ या साक्षीला गद्यात प्रतिष्ठा दिली. नेमकी हीच साक्ष गंभीरपणे घेतली, तर पुढचा प्रश्न टाळता येत नाही: गेलो होतो, तर काय ओलांडून गेलो?

म्हणून मागणी विषयाची नाही, रूपाची आहे. उतरणे एका वाक्यात आटोपू नये. वाटाड्याला नाव असावे आणि त्याच्या त्या दिवसाला त्याचे स्वतःचे काम असावे. माथा हा कथनाचा शेवट न राहता मध्य व्हावा. एवढ्याने हे लेखन प्रचारकी होण्याचे भय नाही. उलट ठरावीक रम्यतेच्या तोचतोचपणातून त्याची सुटका होईल. महालक्ष्मीच्या कथेत देवीला जे उमगले, ते आपल्या गद्याला उमगावयाचे आहे. वर पोहोचणे पुरेसे नसते. वाटेत कोण थांबले आहे हे पाहून खाली यावे लागते.